लघवीचा नमुना कसा द्यावा: डबी हातात पडल्यापासून लॅबच्या खिडकीपर्यंत

रक्ताच्या तपासणीत सुई टोचण्यापासून नळी भरण्यापर्यंतचे सगळे काम प्रशिक्षित माणूस करतो. लघवीच्या तपासणीत मात्र सर्वांत नाजूक काम रुग्णाच्या हाती असते आणि ते बहुधा कोणतीही सूचना न मिळता, बाथरूमचे दार लावून, एकट्याने करायचे असते. लॅबच्या खिडकीतून डबी मिळते, ‘सकाळची पहिली लघवी आणा’ एवढे सांगितले जाते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. नमुना नीट घेतला गेला नाही तर पुढची यंत्रे कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही, कारण डबीत सापडलेला जंतू मूत्राशयातून आला की त्वचेवरून, हे लॅबला खात्रीने सांगता येत नाही.

निरोगी माणसाच्या मूत्राशयातल्या लघवीत नेहमीच्या कल्चर तपासणीत (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) दिसावेत इतके जंतू सहसा नसतात. परंतु मूत्रमार्गाचा शेवटचा भाग, योनीचा परिसर, शिश्नाच्या पुढच्या त्वचेखालची जागा आणि आजूबाजूची त्वचा येथे जंतूंची कायमची वस्ती असते. ते तिथले रहिवासी असतात आणि सामान्यतः काही अपाय करत नाहीत. लघवी बाहेर पडताना ते तिच्यात मिसळले तर मात्र रिपोर्ट बिघडतो. पुणेकरांना गुरुवारच्या पाणीबंदीनंतर नळाला येणारे पहिले गढूळ पाणी वाहू देण्याची सवय असतेच. लघवीची पहिली धार सोडून द्यायची ती त्याच कारणाने, कारण मार्गाच्या तोंडाशी असलेले जंतू ती आपल्याबरोबर धुऊन नेते. तपासणीच्या कामाची असते ती त्यानंतरची, मधली धार.

आधी तपासणी कोणती ते पाहावे

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘युरीन रुटीन’ लिहिलेले असते किंवा ‘युरीन कल्चर’, आणि काही वेळा दोन्ही. रुटीन तपासणीत लघवीचा रंग, घनता, आम्लता, प्रथिने, साखर यांची पाहणी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स (पुवाच्या पेशी), लाल पेशी, स्फटिक वगैरे मोजले जातात. कल्चरमध्ये लघवीतले जंतू पोषक माध्यमावर वाढवून ते कोणते आहेत आणि कोणत्या अँटिबायोटिकने मरतात हे पाहिले जाते. स्वच्छता दोन्ही वेळा हवी, पण कल्चरच्या बाबतीत ढिलाई मुळीच चालत नाही. याचे कारण लॅबमधल्या मापात आहे. तंत्रज्ञ साधारणपणे एक हजारांश मिलिलिटर लघवी मावेल अशा बारीक तारेच्या कडीने नमुना उचलून प्लेटवर पसरवतो. याचा अर्थ, प्लेटवर उगवलेली प्रत्येक वसाहत म्हणजे मिलिलिटरमागे हजार जंतू असा हिशेब धरला जातो. शंभर वसाहती दिसल्या की आकडा एक लाखावर जातो, आणि मिलिलिटरमागे एक लाख हीच मूत्रमार्गाच्या संसर्गाची रूढ मर्यादा आहे. अमेरिकन डॉक्टर एडवर्ड कास यांच्या 1950 च्या दशकातल्या कामातून ती पुढे आली. डबीच्या कडेला लागलेले एक ओले बोट या हिशेबात किती गोंधळ घालू शकते, याची कल्पना यावरून यावी.

कल्चरसाठी डबी निर्जंतुक, म्हणजे स्टराइलच हवी. ती लॅबमधून किंवा मेडिकलमधून सीलबंद पाकिटात मिळते. पाकीट फाटलेले किंवा झाकण आधीच सैल झालेले असेल तर दुसरी मागावी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. घरातली मधाची, लोणच्याची किंवा सिरपची बाटली कितीही उकळून घेतली तरी या कामाला वापरू नये. सिरपच्या बाटलीच्या तळाशी राहिलेली साखर किंवा भांड्याच्या साबणाचा अंश रुटीन तपासणीतसुद्धा चुकीचे निष्कर्ष देऊ शकतो. काही डब्यांत तळाशी थोडी पांढरी पूड असते. ती बोरिक ॲसिडची असते आणि जंतूंची वाढ रोखून धरण्यासाठी मुद्दाम घातलेली असते. ती कचरा समजून झटकून टाकू नये, डबी विसळू नये आणि लघवी बरोबर खुणेपर्यंत भरावी.

दोन्ही तपासण्या असतील तर दोन डब्या मागून घेणे बरे. एकच डबी दिली तर कल्चर आधी आणि रुटीन नंतर असा क्रम लॅबला ठेवावा लागतो, कारण रुटीनसाठी डबी उघडून तिच्यात रासायनिक चाचणीची पट्टी बुडवली की ती निर्जंतुक राहत नाही. दोन डब्या असतील तर मधल्या धारेत आधी कल्चरची भरावी.

नमुन्याची वेळ

सकाळची पहिली लघवी मागतात ती रीत म्हणून नव्हे. रात्रभर मूत्राशयात साठल्यामुळे ती घट्ट असते आणि जंतू असतील तर त्यांना वाढायला वेळ मिळालेला असतो. पट्टीवरच्या नायट्राइटच्या चाचणीसाठी तर जंतूंना लघवीतल्या नायट्रेटवर काम करायला साधारण चार तास लागतात. सकाळची वेळ हुकली तर निदान तीन-चार तास लघवी साठू द्यावी आणि मग नमुना द्यावा. जळजळ एवढी असेल की तेवढा वेळ थांबवत नाही, तर मिळेल तेव्हाचा नमुना घ्यावा आणि लॅबला तसे सांगावे.

उन्हाळी लागली की आपल्याकडे धणे-जिऱ्याचे पाणी, वाळा, सब्जा आणि वर तांब्याभर साधे पाणी असा मारा सुरू होतो. एरवी त्यात वावगे काही नाही, पण नमुना देण्याच्या आधी लॅबच्या बाकावर बसून लिटरभर पाणी प्यायल्यास लघवी पातळ होते आणि जंतूंची व पेशींची संख्या खरी असते त्याहून कमी दिसते. नेहमीइतकेच पाणी प्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कल्चरचा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. घरात उरलेल्या पाकिटातल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये काहीही न उगवण्याची शक्यता असते, आणि ‘रिपोर्ट तर नॉर्मल आला, पण त्रास तसाच आहे’ अशी विचित्र अवस्था होते. औषध सुरू झालेलेच असेल तर ते मनाने बंद करू नये. कोणते औषध आणि कधीपासून, हे फॉर्मवर लिहावे.

मासिक पाळी चालू असताना शक्य असल्यास नमुना काही दिवस पुढे ढकलावा. थांबणे शक्य नसेल तर टॅम्पॉन किंवा स्वच्छ कापसाचा बोळा योनीत ठेवून नमुना घ्यावा आणि पाळी चालू असल्याचे लॅबला सांगावे. अंगावरून पांढरे जात असेल तेव्हाही हीच काळजी घ्यावी. रविवारी पहाटे सिंहगड चढून येणाऱ्यांनी त्या दिवशी रुटीनचा नमुना देऊ नये. जोरदार व्यायामानंतर काही काळ लघवीत प्रथिने आणि लाल पेशी दिसू शकतात आणि मग नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो.

प्रत्यक्ष नमुना घेताना

बाथरूममध्ये जाण्याआधी डबीवर नाव, वय, तारीख आणि वेळ लिहावी. हे लिखाण डबीच्या अंगावर हवे, झाकणावर नको. लॅबमध्ये झाकण निघते आणि ओट्यावर शेजारी-शेजारी दहा झाकणे पडली की कोणाचे कोणते हे कळत नाही.

पाण्याची बादली भरलेली असावी. नंतर हात साबणाने मनगटापर्यंत धुवावेत. मग जननेंद्रियाचा भाग धुवायचा असतो, आणि येथे बहुतेकांचा एक गैरसमज आडवा येतो: स्वच्छता म्हणजे डेटॉल. जंतुनाशक द्रव वापरू नये. त्याचा अंश लघवीत उतरला तर मूत्राशयातले खरे जंतूसुद्धा मरतात आणि संसर्ग असूनही रिपोर्ट कोरा येतो. साधे स्वच्छ पाणी पुरेसे आहे. साबण वापरलाच तर सौम्य असावा आणि तो पाण्याने पूर्णपणे निघून जाईपर्यंत धुवावे. पावडर लावलेली असेल तर तीही धुवून काढावी, कारण तिचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जेट स्प्रे वापरणाऱ्यांनी फवारा समोरून मागे जाईल असा धरावा. मागून पुढे मारलेला फवारा गुदद्वाराजवळचे जंतू नेमके नको तिथे आणून सोडतो.

स्त्रियांनी पाय चांगले फाकवून बसावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात हे आपोआप होते. कमोडवर मात्र जरा मागे सरकून, गुडघे जमेल तितके लांब ठेवून बसावे लागते. डाव्या हाताच्या दोन बोटांनी योनीमुखाच्या बाजूच्या घड्या अलग कराव्यात, उजव्या हाताने समोरून मागे असे धुवावे आणि नमुना घेऊन होईपर्यंत डावा हात तसाच ठेवावा. हे शेवटचे फार जणींकडून राहून जाते: धुताना घड्या अलग केल्या जातात, मग हात सुटतो आणि धार पुन्हा त्वचेवरून ओघळून डबीत येते. एवढी तजवीज एका हाताने करायची असल्याने डबीचे झाकण आधीच अर्धे सैल करून ठेवलेले सोयीचे पडते.

पुरुषांनी शिश्नाची पुढची त्वचा मागे ओढून बोंडाचा भाग पाण्याने धुवावा आणि नमुना घेईपर्यंत त्वचा मागेच धरावी. काम झाल्यावर ती आठवणीने पुढे आणावी, नाहीतर मागे अडकून सूज येऊ शकते. लहान मुलाची त्वचा सहज मागे जात नसेल तर ती ओढू नये. बाहेरून धुणे पुरे.

आता धार सुरू करावी आणि पहिली लघवी शौचालयात जाऊ द्यावी. मनात सावकाश तीनपर्यंत अंक मोजले तरी चालते. मग धार न थांबवता डबी धारेखाली आणावी. ‘न थांबवता’ हे शब्दशः घ्यावे, कारण थांबवून पुन्हा सुरू केलेल्या धारेचा पहिला भाग पुन्हा मार्गाच्या तोंडाशी रेंगाळलेला असतो. डबी बाहेरून, तळाकडच्या बाजूने धरावी. तिच्या कडेला किंवा आत बोट लागू देऊ नये आणि ती त्वचेला, केसांना किंवा कपड्याला टेकू देऊ नये. झाकण त्याच हाताच्या करंगळीत धरता आले तर उत्तम, नाहीतर कोरड्या जागी आतली बाजू वर करून ठेवावे. बेसिनच्या ओल्या कडेवर पालथे ठेवलेले झाकण पुन्हा डबीवर बसवले की आधीची सगळी मेहनत त्या ओल्या कडेपाशी संपते.

डबी निम्मी (पूड असलेली डबी खुणेपर्यंत) भरली की ती बाजूला घ्यावी आणि उरलेली लघवी शौचालयात करावी. 20 ते 30 मिलिलिटर पुरते. काठोकाठ भरलेली डबी रिक्षात सांडण्यापलीकडे काही साधत नाही. लघवी कमी पडली म्हणून तीत पाणी घालू नये आणि थोड्या वेळाने केलेली लघवीही तिच्यात मिळवू नये. कमोडमधल्या पाण्याचा शिंतोडा डबीत गेला, तर ती टाकून नवी डबी घ्यावी. झाकण घट्ट लावून डबी बाहेरून पुसावी आणि हात पुन्हा धुवावेत.

लॅबपर्यंतचा प्रवास

लघवी जंतूंना मानवते. मूत्रमार्गाच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल उबेत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने दोन तासांत एकाचे चौसष्ट होतात. डबीतला वेग तापमानाप्रमाणे कमी-जास्त होत असला तरी एप्रिल-मेमधल्या पुण्यात तो कमी राहील अशी आशा धरू नये. त्वचेवरून चुकून आलेले थोडेसे जंतूसुद्धा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत संसर्ग वाटावा इतके वाढू शकतात. दुसरीकडे लाल पेशी फुटतात आणि लघवीची आम्लता बदलते, त्यामुळे रुटीनचा रिपोर्टही बिघडतो. म्हणून साधा नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचावा.

धायरीहून स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयापर्यंत सकाळच्या गर्दीत यायचे असेल, तर घरून डबी भरून निघण्यापेक्षा तिथे पोहोचून नमुना देणे शहाणपणाचे असते. अशा वेळी पिशवीत साबणाचा तुकडा आणि बाटलीभर पाणी असू द्यावे, कारण सार्वजनिक शौचालयात नळाला पाणी असेलच असे नाही. घरी येऊन नमुना नेणाऱ्या लॅबचा माणूस किती वाजता येणार हे आदल्या दिवशीच विचारून, तो येण्याच्या थोडे आधी लघवी करावी. त्याने पुढे अजून चार घरे करायची असतील तर डबी थंड पेटीत ठेवणार ना, हेही विचारावे.

उशीर होणारच असेल तर डबी फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवावी. तिथे नमुना 24 तासांपर्यंत चालतो. फ्रीझरमध्ये ठेवू नये आणि सतत उघडणाऱ्या दाराच्या कप्प्यातही नको. लघवीची डबी दुधा-दह्याच्या शेजारी ठेवायची म्हटल्यावर घरात जो गदारोळ होतो तो रास्तच आहे. डबी दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून, एखाद्या वापरात नसलेल्या झाकणाच्या डब्यात घालून ठेवली की प्रश्न मिटतो. नेताना बर्फाचा पॅक घातलेली टिफिनची पिशवी पुरते.

लहान बाळे, वृद्ध आणि नळी घातलेले रुग्ण

तान्ह्या बाळासाठी मेडिकलमध्ये चिकटवायची पिशवी मिळते. ती सोपी असली तरी तिच्यातला नमुना सर्वांत जास्त दूषित होतो, कारण लघवी त्वचेवर आणि पिशवीत साचून राहते. पिशवीतल्या लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला तर तो उपयोगी पडतो. दोषी आला तर त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. शक्य असेल तिथे धार थेट डबीत झेलावी. बाळाला दूध पाजून, खालचा भाग धुवून, लंगोट न बांधता मांडीवर घ्यावे आणि उघडी डबी हाताशी ठेवावी. ओटीपोटावर, जांघेच्या जरा वर, थंड पाण्याने भिजवलेला कापडाचा बोळा गोलाकार हलकेच फिरवला की पुष्कळ बाळे थोड्याच वेळात लघवी करतात. काम दोघांचे आहे: एकाने धरायचे, दुसऱ्याने झेलायचे. पिशवी वापरावीच लागली तर अर्ध्या तासाने पाहावे, लघवी झालेली नसेल तर पुन्हा धुवून नवी लावावी, आणि डायपर पिळून नमुना कधीही काढू नये.

गुडघे धरलेल्या आजींना खाली बसून दोन हातांनी ही कसरत जमत नाही. त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची आणि रुंद तोंडाची निर्जंतुक डबी घ्यावी व घरातल्या एखाद्या स्त्रीने हातमोजे घालून मदत करावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बेडपॅनमधली लघवी कल्चरला चालत नाही. तशा वेळी नर्सने तात्पुरती नळी घालून नमुना घ्यायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. कायमची नळी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत घरोघर आढळणारी चूक म्हणजे खाली लटकणाऱ्या युरोबॅगचा तोटी-नळ उघडून डबी भरणे. त्या पिशवीत लघवी तासन्‌तास साठलेली असते आणि जंतू तिथेच वाढलेले असतात. नमुना नळीवरच्या ठरावीक जागेतून, ती जागा पुसून, निर्जंतुक सिरिंजने ओढायचा असतो, आणि हे काम नर्सचे आहे.

जिथे हे नियम उलटतात

क्लॅमिडिया किंवा गोनोरिया यांसारख्या लैंगिक संसर्गांसाठी लघवीची पीसीआर चाचणी (जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणारी) सांगितली असेल, तर नेमकी पहिली धार हवी असते, धुवायचेही नसते आणि आधी निदान तासभर लघवी केलेली नसावी. तेथे मधली धार दिली तर जंतू हातून निसटतात. चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीत धारेचा प्रश्नच नसतो: पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची लघवी टाकून वेळ लिहायची आणि तेव्हापासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी, शेवटच्या सकाळच्या लघवीसह, कॅनमध्ये जमा करायची. त्या कॅनमध्ये कधी कधी ॲसिड असते, म्हणून त्यात थेट लघवी न करता वेगळ्या भांड्यातून ओतावी.

रिपोर्ट आल्यावर

रुटीनचा रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू वाढायलाच 18 ते 24 तास द्यावे लागतात आणि औषधांची चाचणी त्यानंतर होते. रुटीनमध्ये ‘एपिथेलियल सेल्स’ भरपूर लिहिलेल्या असतील तर नमुन्यात त्वचेच्या पेशी उतरल्याचा संशय घ्यावा. कल्चरमध्ये ‘मिक्स्ड ग्रोथ’ किंवा ‘रिपीट सॅम्पल’ असे शब्द दिसले तर तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले आहेत आणि नमुना दूषित असण्याचीच शक्यता अधिक आहे. अशा रिपोर्टवर मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नये. डॉक्टरांना विचारून, औषध सुरू होण्याआधी, नव्या निर्जंतुक डबीत पुन्हा नमुना द्यावा. आकडा लाखाच्या आत असला तरी जळजळ किंवा ताप असलेल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर तो महत्त्वाचा मानू शकतात, आणि उलट, काहीही त्रास नसलेल्या वृद्ध माणसाच्या लघवीत जंतू सापडले तरी दर वेळी औषध लागतेच असे नाही. गरोदरपणात मात्र त्रास नसतानाही सापडलेल्या जंतूंवर उपचार करतात, कारण तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका त्या काळात जास्त असतो. म्हणून गरोदर स्त्रीने ही तपासणी सांगितली की ती टाळू नये, आणि डबी देताना आपण गरोदर असल्याचे फॉर्मवर नोंदवावे.